हुकमीचंद सेठची लाल रेघ

खांडबाऱ्यात हुकमीचंद सेठचं भाषण ऐकायचं तर डोकेदुखीचं निमित्त पुरायचं. गोळी हातात पडेपर्यंत सेठ सरकारला धुऊन काढत. "सरकारी दवाखानामा दवाई फुकट शे, पन दवाईच नही," हे त्यांचं लाडकं वाक्य. ज्याला दुकान चालवता येतं त्याला चालवू द्यावं, गिऱ्हाईक आंधळं नसतं, वाईट दुकानात ते पुन्हा पाऊल ठेवत नाही, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. चाळीस वर्षांत त्यात एका शब्दाची भर पडली नव्हती. आम्ही कंटाळायचो, पण औषधाला जायचो त्यांच्याकडेच.

कारण दुकान चोख होतं. डोंगरातल्या पाड्यांवरून येणाऱ्या पुष्कळांना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी सेठ गोळ्यांच्या पाकिटावर, शेवटच्या चार गोळ्यांच्या आधी, लाल शाईची रेघ ओढत. रेघ आली की घरातून निघायचं, औषध संपायची वाट बघायची नाही. सीमेवरच्या पाड्यातला रायसिंग आपल्या लेकीच्या, लिडियाच्या, फिटच्या गोळ्या अशाच नेई. रोज दोन, एकही चुकवायची नाही.

परवान्याला मात्र सेठचा मुलगा रिषभ लागे, कारण फार्मसी शिकलेला तोच. गेल्या फेब्रुवारीत तो सासुरवाडीला गेलेला असताना नेमके तपासनीस आले. फार्मासिस्ट जागेवर नाही म्हणून पंधरा दिवस विक्री बंद झाली. सेठनी दुकानाला कुलूप लावलं आणि ओट्यावर बसून भाषण चालू ठेवलं.

चौथ्या दिवशी रायसिंग रेघेपर्यंत संपलेलं पाकीट घेऊन आला. सरकारी दवाखान्यात तो आधीच विचारून आला होता. तिथे गोळ्या पुढच्या मंगळवारी येणार होत्या. सेठच्या कमरेला किल्ली होती. पण एक पाकीट दिलं आणि कुणी सांगितलं तर परवाना कायमचा जाईल, ही भीती त्यांना वाटली. ती खोटी नव्हती. "नवापूरले जाय," ते म्हणाले.

नवापूरच्या दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. नियमाने त्याचंही बरोबरच. चिठ्ठीच्या खटपटीत दोन दिवस गेले आणि घरातल्या गोळ्या संपल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी लिडिया भाकरी करता करता चुलीपाशीच पडली. तिचा उजवा हात निखाऱ्यात भाजला.

मला सरकारचा संताप आला, आजही येतो. चाळीस वर्षांत एकही चुकीची गोळी न दिलेला माणूस कुलपाबाहेर बसलेला, आणि जिथे गोळीच नाही तो दवाखाना उघडा. याला रुग्णाची काळजी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी रायसिंग लेकीला घेऊनच आला. तिच्या हाताला कापड गुंडाळलेलं होतं. आम्ही चार-पाच गिऱ्हाईकं उभे होतो, आता सेठ सरकारची सालं काढणार म्हणून कान टवकारून. सेठ एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी गोळ्या दिल्या, वर मलमही काढून ठेवलं.

रायसिंगने मलम उचललं. "सेठ, तुम्हना काय दोष?" तो म्हणाला. "दुकान ते सरकारनी बंद करेल व्हतं."

सेठ लिडियाच्या हाताकडे बघत होते.

"सरकार त्या दिन आठे नव्हतं रे," ओट्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. "मी व्हतू."