प्रमिलाबाईंची लंबी रोटी

सिंदी मेघेत कुणाकडे लग्न निघालं की लंब्या रोट्यांसाठी माझ्या सासूबाईंना, प्रमिलाबाईंना, बोलावणं यायचं. सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या मटक्यावर पसरायचा. तीस वर्षांत त्यांची रोटी फाटली नाही. माझी हमखास फाटायची आणि मी बोलणी खायची. खोटं कशाला सांगू, मला त्यांचा राग यायचा.

गेल्या वर्षी एका मांडवात त्यांचा झोक गेला आणि हात मटक्यावर आपटला. बायका कुजबुजल्या, "पिऊन आली वाटते." नाकावर माशी बसू न देणारी बाई, पण तिथं गप्प राहिली. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "थेंब बी नाई घेतला वं मी."

वर्ध्याच्या डॉक्टरांनी स्वतःचं बोट पुढे धरलं आणि त्याला बोट लावायला सांगितलं. सासूबाईंचं बोट पुढे जाऊन डॉक्टरांच्या चष्म्यावर आदळलं.

"डोक्यात मागच्या बाजूला छोटा मेंदू असतो," डॉक्टर म्हणाले. "त्यात पेशींचे वेगवेगळे गट असतात. हात निघाला की काही गट वेग सांभाळतात, काही ऐन जागी थांबवतात. यांच्या थांबवणाऱ्या पेशी झिजताहेत."

"त्या वापस येतीन का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

त्यांनी पदर सारखा केला.

माझ्या लेकीच्या, अंकिताच्या लग्नात रोट्या आपणच करणार, हा त्यांचा शब्द होता. आम्ही केटरर सुचवला तर दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "वर्षाली, तू करजो. मी मांगं बसीन."

लग्नाच्या दिवशी त्या माझ्यामागे स्टुलावर बसल्या, हात मांडीखाली दाबून. गोळा लांबत गेला की मागून आवाज यायचा, "थांब." जीभ जड झाली होती, पण वेळ चुकली नाही. पहिली रोटी मटक्यावर अख्खी बसली. मग दुसरी, मग दहावी.

किती झाल्या कुणास ठाऊक, मग लक्षात आलं की "थांब" कधीचं ऐकू आलं नव्हतं. माझे हात आपसूक थांबत होते. वळून पाहिलं तर स्टूल रिकामं. त्या नळाशी हात धूत होत्या, कोपरापर्यंत, कणीक लागलेली नसताना.

मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. पंगत बसली होती. मी पुढचा गोळा घेतला.