दुपारी बाराची जागा

इम्तियाजचाचांचं आडनाव भंडारी नव्हे. मालवाहू जहाजावर स्वयंपाक करणाऱ्याला भंडारी म्हणतात आणि ते काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. हर्णैजवळच्या त्यांच्या गावात ते अजूनही भंडारीच आहेत. पिंपरीत, बाजारामागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर ते सोहेल गॅरेजवाल्याचे अब्बा आहेत. आणि गेल्या वर्षीच्या पाच मार्चला खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खिडकीजवळच्या खुर्चीतले अब्बा.

इमारतीला लिफ्ट नाही. हाड जुळलं, पण पाय जिन्याला तयार होईना. एकदाच, तपासणीसाठी, गॅरेजमधल्या चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. तिसऱ्या मजल्याखालच्या वळणावर खुर्ची अशी काही अडकली, की ना वर ना खाली. अर्धा तास गेला. शेजारच्या मंजुळाबाई भाजी घेऊन वर येत होत्या, त्यांना वाट मिळेना. "चाचा, नो पार्किंगमध्ये गाडी लावलीत की हो!" त्या म्हणाल्या. सगळे हसले, चाचाही हसले. घरी परत टेकवल्यावर मात्र त्यांनी सुनेला सांगून टाकलं, "साबिया, आता मला या जिन्यावर कोणी न्यायचा नाय. नेलात तर एकदाच."

त्यानंतर चौदा महिने त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. खिडकीतून दोन इमारतींमधली आकाशाची एक पट्टी दिसे आणि खाली मटणाच्या दुकानाचा पत्रा.

पलंगाखालच्या पेटीत एकवीस वह्या होत्या. जहाजावर रोज संध्याकाळी पाचला चाचा खरकट्याची बादली मागच्या टोकावरून समुद्रात रिकामी करत आणि पाठीमागे लागलेली पाखरं मोजत. किती आली, काय उचललं, काय सोडलं. नावं त्यांची त्यांनीच ठेवलेली. पाण्यावर पाय टेकत चालल्यासारखं उडणारं काळं, चिमणीएवढं पाखरू म्हणजे चालरी. कठड्यावर बसून सगळ्यांच्या कामावर नजर ठेवणारा मोठा पक्षी म्हणजे मुकादम. मुकादमाच्या जवळ कोणी गेलं की तो घाबरून पोटातलं सगळं ओकून टाकी. खलाशी शिव्या घालत. चाचा झाडण्याआधी वाकून बघत आणि वहीत लिहीत: 'मुकादम एक. उडते मासे तीन, माकूळ दोन.'

रावेतच्या विजयश्रीची गाडी सोहेलच्या गॅरेजला आली, तेव्हा मागच्या काचेवरचं पक्ष्याचं चित्र बघून तो सहज म्हणाला, "आमच्या अब्बांनापण पाखरांचं वेड." विजयश्रीचं कामच ते. समुद्रपक्षी किनाऱ्यापासून दूर कुठे कुठे पसरतात, तिथे काय खातात, याचा नकाशा ती करत होती. पावसाळ्याचे महिने त्यात कोरे होते, कारण त्या दिवसांत पाहणीच्या बोटी निघत नाहीत. मालवाहू जहाजं निघतात. ती दुसऱ्याच दिवशी चार मजले चढून आली आणि फरशीवर बसून वह्या वाचू लागली.

"चाचा, बटाट्याची सालं कोणीच खाल्ली नाहीत?"

"सालं आमचे खलाशीपण खात नव्हते."

"तुम्ही टाकलेलं मला धरता येणार नाही. ते त्यांचं रोजचं खाणं नव्हे ना. पण हे ओकलेलं फार मोलाचं आहे."

"अगो साबिया, ऐकलंस? माझा सैपाक फुकट आणि ओकारीला भाव!"

साबिया पदरात तोंड लपवून हसली. घरात असं हसणं बरेच दिवसांनी झालं होतं. आपण काही खाली जाणार नाही, पण वह्या जातील, हे चाचांच्या मनाने घेतलं. सकाळपासून ते जिन्यावरच्या पावलांचा कानोसा घेऊ लागले.

तिसऱ्या खेपेला विजयश्री एका पानावर थबकली. "सलालाह बंदर, चालरी चाळीस. चाचा, हे पाखरू खोल पाण्यातलं. बंदरात चाळीस कुठून आल्या?"

"बंदरात नाय. बंदर सोडून चार तास झाले होते."

"पण जागा बंदराची लिहिलीये."

"जागा तर बाराचीच असते." चाचा बोलून गेले.

रोज दुपारी बाराला जहाज कुठे आहे, त्याची चिठ्ठी जेवणाच्या खोलीत लागे. चाचा ती जशीच्या तशी उतरवून घेत. भंडाऱ्याला जहाजाची जागा कळायची तेवढीच वेळ. आणि पाखरं बघायची ती पाचला. मधल्या पाच तासांत जहाज साठ-पासष्ट मैल पुढे गेलेलं असे. एकवीस वह्यांतलं एकही पाखरू लिहिलेल्या जागी नव्हतं.

विजयश्रीने पेनाला टोपण लावलं. "मी सरांना विचारते," ती म्हणाली. चढताना तिला दम लागे. त्या दिवशी उतरताना तिची पावलं फार लवकर ऐकू येईनाशी झाली.

दोन दिवस चाचा जेवणापुरते बोलले. सोहेल म्हणाला, "अब्बा, जाऊ द्या ना. तुम्ही काय शास्त्रज्ञ होतात?" चाचा पलंगाखालच्या पेटीकडे बघत होते. सव्वीस वर्षं मोकळ्या समुद्रावर काढली, त्यांतलं एवढंच जमिनीवर आणलं होतं, आणि तेही आता आपल्यासारखंच पलंगाखाली राहणार.

तिसऱ्या दिवशी भात कालवताना त्यांचा हात थांबला. "साबिया, पाटी दे. नायतर कागद दे."

आजची बाराची जागा वहीत होती. उद्याचीही होती. मधले चोवीस तास, त्यातले पाच. चोवीस खलाशांच्या ताटांत पाच किलो मटण बिनतक्रार वाटलेल्या माणसाला हा हिशेब नवा नव्हता. साबिया शिलाई बाजूला ठेवून दोन्ही दिवसांचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवी, चाचा फरकाचे चोवीस भाग करून पाच पुढे सरकवत. पाचव्या वहीत तिचा घसा बसला.

"अब्बा, तुमचं जहाज जरा हळू चालवा ना."

"माझ्या हातात फक्त पातेलं होतं गो."

ज्या दिवशी दुसऱ्या दिवसाची चिठ्ठी नव्हती, किंवा वादळात जहाज भरकटलं होतं, त्या नोंदीवर चाचा लाल रेघ मारत. मुकादमाच्या चांगल्या चांगल्या ओकाऱ्या त्यात गेल्या. बेचाळीस दिवसांत एकवीस वह्या झाल्या. सलालाहच्या चाळीस चालऱ्या बंदर सोडून खोल पाण्यात गेल्या.

विजयश्रीने पुन्हा येऊन दोन तास आकडे तपासले. "जागा अंदाजे, असा शेरा पडेल," ती म्हणाली, "पण घेतोय आम्ही. पावसाळ्याचे महिने भरणार, चाचा!" मग उत्साहाने पुढे म्हणाली, "पुढच्या महिन्यात तुम्हीच या ना आमच्याकडे. सगळ्यांना सांगा. मी गाडी पाठवते."

चाचांनी दाराकडे पाहिलं. "गाडी चौथ्या मजल्यावर येते काय?"

विजयश्री वह्या एकेक करून साबियाच्या हाती देऊ लागली. साबियाने वह्या दोन पिशव्यांत भरल्या आणि दोघी मिळून त्या घेऊन उतरल्या. चाचा ऐकत राहिले. वळणावर पावलं थांबली नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाचला खालच्या मटणवाल्याने पत्र्यावर तुकडे फेकले आणि घारी उतरल्या. चाचांनी साबियाकडून तिच्या शिलाईच्या मापांची कोरी वही मागून घेतली. घारी अकरा. आतडी उचलली, चरबी सोडली. मग जागेचा रकाना आखला आणि लिहिलं: 'दुपारी बारा: पिंपरी, चौथा मजला. संध्याकाळी पाच: तीच.'

साबियाने वाकून वाचलं.

"यात तरी चूक निघायची नाय," चाचा म्हणाले आणि खाली तारीख घातली.