सत्तेचाळीस नंबरचा आंबा

"सत्तेचाळीस नंबरवर काही होतं का?" मॅडमनी विचारलं.

आम्ही ओढ्याजवळच्या रायवळ आंब्यासमोर उभ्या होतो. खोडावर छातीच्या उंचीवर पिवळ्या पट्ट्यात काळा आकडा होता. तो मीच रंगवला होता. फॉर्ममध्ये 'खोडावरील इतर वनस्पती' या रकान्यात 'शेवाळ' एवढंच लिहिलं होतं. तेही मीच.

मी माणगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आषाढात मला एका सर्व्हेवर फील्ड असिस्टंटचं काम मिळालं. पालीच्या पुढे, आमच्याच गावावरून धबधब्याकडे जाणारा रस्ता रुंद होणार होता. कडेच्या प्रत्येक झाडाचा घेर मोजायचा, नंबर टाकायचा, फॉर्म भरायचा. ते फॉर्म आणि झाडं पाहून वनस्पतीतज्ज्ञ मॅडम रिपोर्ट लिहिणार होत्या. कुठलं झाड वाचवायला रस्ता थोडा सरकवावा, याची शिफारस त्यात असते.

नंबर टाकायची पद्धत ठरलेली आहे. ओल्या शेवाळावर ऑइलपेंट धरत नाही. म्हणून वीतभर जागा पत्र्याने खरवडायची, फडक्याने पुसायची, मग रंग. आकडा रस्त्याच्या बाजूलाच हवा, गाडीतून दिसला पाहिजे.

त्या दिवशी उघडीप होती. सुपरवायझर सरांचा सकाळीच फोन आला. "आज ओढ्यापर्यंत संपव. परत पाऊस लागला की रंग वाळणार नाही."

या आंब्याखाली माझी आत्या बसते. धबधब्याला येणाऱ्यांना काकड्या आणि भाजलेली कणसं विकते. फांद्यांना बांधलेला निळा प्लास्टिकचा कागद, एवढंच तिचं दुकान. मी पत्रा काढलेला पाहून ती म्हणाली, "कालेजात झाडांना टिळा लावायला शिकवतात व्हय गं?"

"नंबर आहे, आत्या."

"मग मागल्या अंगाला लाव. हितं फुलं येतात. बारीक, पांढरी. गणपतीच्या आधी."

मी जवळ जाऊन पाहिलं. शेवाळात टिकलीपेक्षाही लहान, गोल हिरवी पानं होती. फूल एकही नव्हतं.

"शेवाळाला फुलं येत नाहीत," मी म्हटलं. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे.

"मग ऱ्हायलं. तू शिकलेली हायस." ती हसली आणि कणसांना वारा घालू लागली.

मी खरवडलं. शेवाळाचा थर गोधडीसारखा अखंड निघाला. तो मी ओढ्यात टाकला.

आणि आता श्रावणात मॅडम तपासणीला आल्या होत्या. आत्याने त्यांना पाट दिला, काकडी चिरून दिली आणि सहज म्हणाली, "औंदा फुलं न्हाय आली. पोरीनं साफ केलं ना."

मॅडम काकडी खाता खाता थांबल्या. "कसली फुलं?"

आत्याने त्यांना ओढ्यापलीकडच्या ओल्या कातळाशी नेलं. शेवाळातून केसासारख्या देठांवर पांढरट जांभळी फुलं उभी होती. नखाएवढी, पंख्यासारखी, मध्ये पिवळा ठिपका. "हीच," आत्या म्हणाली.

मॅडमनी एक रोप उपटून मला भिंगातून दाखवलं. खाली धाग्यांना टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या होत्या. पाण्यातला बारीक जीव तोंडाशी आला की पिशवी त्याला पाण्यासकट आत ओढते आणि पचवते. पठारावर फुलणाऱ्या 'सीतेची आसवं' या जांभळ्या रानफुलांच्या कुळातली ही वनस्पती. कातळावर ती बऱ्याच ठिकाणी असते. काही वेळा झाडावरही वाढते, पण बांडगुळासारखी झाडाचं काही घेत नाही, नुसती टेकून राहते. "या रस्त्यावर झाडावरची मला एकही मिळाली नाही," मॅडम म्हणाल्या. "फोटो काढला होतास?"

"नाही."

"मग मला लिहिता येणार नाही. झाडावर असती, तर रस्ता कातळाकडे सरकवा असं सुचवलं असतं. रस्तेवाल्यांनी ऐकलं असतं की नाही, ते वेगळं."

"माझ्या नावाने लिहा ना, मॅडम. पानं मी बघितली होती."

"बघितलीस. ओळखली होतीस का?"

मी भिंग त्यांना परत दिलं. आत्या आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. मग तिनेच विषय बदलला. "मॅडम, कणीस घ्या. गार व्हईल."

रिपोर्टमध्ये सत्तेचाळीसपुढे 'विशेष नोंद नाही' असं आलं. दिवाळीनंतर आंबा तोडला. आत्याचा निळा कागद आता चार बांबूंवर आहे. वारा सुटला की तो एका हाताने धरून ती दुसऱ्या हाताने कणसं भाजते. ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

तोडणाऱ्यांकडून तिने खोडाचा एक ओंडका मागून घेतला होता. त्यावर ती बसते. मी गेले तेव्हा तिने तो माझ्याकडे सरकवला. "बस. तुझा आकडा अजून हाय बघ." होता. ऑइलपेंट चांगला धरला होता.

मी अजून सर्व्हेची कामं करते. फॉर्मच्या तळाशी पेनाने एक जास्तीचा रकाना आखते: 'जवळ बसणारे काय म्हणतात'. सरांनी एकदा विचारलं, हा कोणी काढायला सांगितला. मी म्हटलं, माझाच आहे. तो भरल्याशिवाय मी पत्रा पिशवीतून काढत नाही.