सांगणाऱ्याचं नाव

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आधी विचारतो — पुरावा काय? त्यामुळे हे लिहिताना माझीच मला चीड येतेय.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. रिसोडला आम्ही चार मास्तर मिळून बिनपगारी एक वाचनालय चालवायचो. आसपासच्या गावांतल्या जुन्या हकिकती, घराण्यांच्या वंशावळी एका रजिस्टरात उतरवून घ्यायचो. नियम माझाच — सांगणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय शाई लावायची नाही, तोवर पेन्सिल.

आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. ती तान्ही असतानाच तिची आई गेली, आत्याने वाढवलं. स्वतःच्या आईचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं. म्हणायची, "वर गेल्यावर हजार माया असतीन. माही माय कोनती, कोन्या नावानं इचारू?"

रजिस्टर पालथं घातलं. आईचं मेडशीचं घराणं सापडलं, सात पिढ्या — सगळे पुरुष! बायकांच्या जागी नुसत्या रेघा. डोकंच फिरलं. तसाच मेडशीला, आईच्या म्हाताऱ्या चुलत्यांकडे गेलो. तुरीच्या शेंगा सोलत ते म्हणाले, "आमी तं वयनीच म्हनो. अन् बाईचं नाव कायले पायजे तुले? वंश काय बाईच्या नावानं चालते?" आणखी चार घरी विचारलं, भांडलोही. उत्तर तेच.

भर दुपारी परत निघालो. वेशीजवळ एक म्हातारी गोवऱ्या थापत होती. "कोनाचा रे तू?"

इथे बापाचं नाव सांगायचं असतं. मी रागाच्या भरात आईचं नाव सांगितलं, "सखूचा!"

"मंग भागीरथीचा नातू म्हन ना... सखूचा डावा कान दोनदा टोचला व्हता. पयलं भोक वाकडं गेलं. लई रडली पोरगी."

नाव मिळालं! मी धावतच चुलत्यांकडे परतलो. त्यांचे हात थांबले. "भागीरथीच... आता याद आलं. पन तुले कोनं सांगतलं? तिले पाह्यलेलं मानूस आता मीच एक उरलो."

पुन्हा वेशीजवळ गेलो. म्हातारी नाही, एक गोवरी नाही, जमीन कोरडी ठक्क. गावात तसं कोणी नव्हतंच म्हणे.

घरी येऊन आईचे केस बाजूला केले. डाव्या कानाला बुजत आलेलं दुसरं भोक होतं. जन्मात मला ते दिसलं नव्हतं. नाव सांगितलं, तशी आई दिवसभर "भागीरथी, भागीरथी" पुटपुटत राहिली. आठवड्याने गेली.

याचा उलगडा मला आजही नाही. ते नाव रजिस्टरात अजून पेन्सिलीनेच आहे, कारण 'सांगणाऱ्याचं नाव' हा रकाना रिकामा आहे. बायकांची नावं कोणी लिहून ठेवत नाही म्हणून गावभर भांडलो... आणि त्या म्हातारीचं नाव मीही विचारलं नाही.