पडायला बंदी असलेलं घर

मी भोसरीच्या ज्या कारखान्यात नोकरी केली, त्याच्या जागी आता एक उंच टॉवर उभा आहे आणि जिथे आमची कॅन्टीन होती तिथे लोक पैसे भरून जिमच्या पट्ट्यावर धावतात. त्यामुळे पुतण्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "काकू, तुम्ही क्वालिटीत होता ना? तुमच्याकडे एक काम आहे," तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. या वयात कुणी काम सांगतं, तेही गुडघ्यांचं नव्हे, डोक्याचं, म्हणजे चैनच.

काम असं होतं. माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे पुतण्याची आई, बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं की वॉकर धरून रोज चालायचं. चालल्या तर चालत्या राहतील, बसल्या तर बसल्याच. पुतण्या हिंजवडीला, सूनबाई खराडीला. त्यांचा निम्मा दिवस ऑफिसात जातो आणि निम्मा रस्त्यात. चिखलीच्या फ्लॅटवर जाऊबाईंसाठी ठेवलेली बाई दुपारी टीव्ही लावून त्याच्यासमोर झोपायची. म्हणून पुतण्याने चाकणच्या पुढे, डोंगराच्या कडेला, नव्याने निघालेली एक जागा शोधली होती. तिला वृद्धाश्रम म्हणायचं नाही. मी फोनवर म्हटलं, तर पलीकडची मुलगी इतकी दुखावली की मलाच तिची समजूत काढावी लागली. 'सीनियर लिव्हिंग' म्हणायचं.

"आठवडाभर आईबरोबर पाहुणी म्हणून राहा," पुतण्या म्हणाला. "आणि सांगा, ठेवायचं की नाही. तुम्ही म्हणाल ते."

तुम्ही म्हणाल ते! हे वाक्य माझ्या नवऱ्याने उभ्या आयुष्यात उच्चारलं नव्हतं. मी बॅग भरली.

इथे माझ्या क्वालिटीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी तरुणपणी एक भलतंच प्रकरण होते. निळा एप्रन, त्याच्या खिशात गेज. गेज म्हणजे भोक तपासायची दोन टोकांची सळई. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पहिलं गेलं नाही तर माल रिजेक्ट, दुसरं गेलं तरी रिजेक्ट. मला वाटायचं, जगातल्या प्रत्येक गोष्टीसाठी कुठेतरी अशी एक सळई असणारच, लोक फक्त आळशीपणाने शोधत नाहीत. घरी मी पापड वाटीखाली धरून बघायची. भाजीवाला मला लांबून बघून गाडी वळवायचा. गावी गेले की जाऊबाईंची भाकरी हातात घेऊन म्हणायची, "आक्का, कडेला जरा जाड झालीय."

जाऊबाई चुलीपुढून मान वर न करता म्हणायच्या, "जाड हाय ती बाजू म्हशीला घाल, अन् बारीक हाय ती तू खा."

नवरा मात्र मी न तपासता घेतला. तो अख्खा लॉट एकदमच आला, सासू, दीर, जाऊबाई आणि दोन म्हशींसकट.

तर आम्ही दोघी तिथे पोहोचलो. दार आपोआप उघडलं. आत गवती चहाचा वास, दगडांवरून पडणारं पाणी, आणि इतके खोल, इतके मऊ सोफे की म्हातारं माणूस एकदा बसलं की उठणं कठीण. दोन आजोबा बसले होते, ते बहुतेक उद्घाटनापासून बसलेले असावेत. आमच्या स्वागताला एक तरुण मॅडम आल्या. त्यांचं पद मी अनेकदा विचारलं आणि तितक्यांदा विसरले. त्यात 'हॅपीनेस' होतं एवढं आठवतं.

आणि मग मला ती पाटी दिसली. काचेची, आतून दिवा लावलेली. 'आमच्या परिवारात एकही सदस्य न पडता झालेले सलग दिवस' आणि खाली हा एवढा मोठा आकडा.

मी विरघळलेच. आमच्या कंपनीच्या गेटवर अगदी अशीच पाटी होती, अपघात न होता गेलेल्या दिवसांची. रोज सकाळी वॉचमन आकडा बदलायचा आणि मी देवळात थांबावं तशी तिथे क्षणभर थांबायची. आकडा भरगच्च झाला की साहेब कॅन्टीनमध्ये लाडू वाटायचे. मी त्या मॅडमना म्हणाले, "उत्तम सिस्टिम आहे हो तुमची." मनात तिथल्या तिथे ओकेचा शिक्का मारून मोकळी झाले.

जाऊबाईंना तोवर व्हीलचेअरवर बसवलं होतं. कमरेभोवती एक पट्टा होता, आतून मखमल लावलेला. त्याला 'कम्फर्ट हग' म्हणतात असं मॅडमनी सांगितलं. मी वाकून पट्ट्याची शिवण बघितली. डबल होती. चांगली होती.

"माझा वॉकर कुटं हाय?" जाऊबाईंनी विचारलं.

"जपून ठेवलाय आजी," मॅडम गोड हसल्या. "इथे तुम्हाला कसलेच कष्ट नाहीत."

पुढचे दिवस मी अशी काही तपासणी केली की काय सांगू. नळाला गरम पाणी किती वेळात येतं, भिंतीवरच्या दांड्या हलतात का, गादीचा कोपरा दबतो का, सगळं बघितलं. जेवणात 'मिलेट बोल' आला. जाऊबाईंनी चमचा घालून बघितला आणि म्हणाल्या, "बाजरीची खिचडी हाय. नाव बदलून आलीय." पण खिचडी गरम होती, मिठाला बरोबर होती, मी पास केली.

मग माझी खास परीक्षा. कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, माल बिघडतो तो शिफ्ट बदलताना. जाणारा म्हणतो माझं संपलं, येणारा म्हणतो माझं सुरू झालं नाही, आणि मधल्या वेळात मशीन देवाच्या भरवशावर. म्हणून मी दुपारची शिफ्ट बदलायची वेळ साधून खोलीतली घंटी दाबली. तीन जणी धावत आल्या!

"काय झालं आजी?"

"काही नाही, बघत होते."

दुसऱ्या दिवशीही आल्या. तिसऱ्या दिवशीही. त्यानंतर माझ्या दारावरच्या कार्डावर 'थोड्या अँक्शियस आहेत' असा शेरा पडला आणि मला संध्याकाळी कॅमोमाइलचा चहा यायला लागला. तोही मी पास केला.

या सगळ्यात जाऊबाई रोज एकच म्हणत होत्या, "अगं, मला चालायचंय." आणि मी, आठवड्याची अधिकृत तपासनीस, म्हणत होते, "थांबा हो आक्का, आधी लिफ्ट बघून होऊ दे."

मग एका सकाळी खिडकीतून खाली रस्त्यावर नव्या कोऱ्या गाड्या लादलेला एक लांबलचक ट्रेलर वळणावर अडकलेला दिसला. असली मजा जाऊबाईंना फार आवडते. मी त्यांचा पट्टा सोडला आणि म्हणाले, "या, उठा, बघा गंमत." त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. अर्ध्या उठल्या. गुडघे थरथरायला लागले आणि त्या धपकन परत खुर्चीत बसल्या.

आठवड्यापूर्वी याच बाई फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत जाऊन यायच्या.

त्यांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. "हे माजं पाय न्हाईत," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या घाबरल्या होत्या. म्हशीची लाथ खाऊन हसणारी ही बाई. तिला घाबरलेली मी तेव्हाच पहिल्यांदा बघितली.

मी बसले आणि जरा उशिराच का होईना, विचार केला. आमच्या कंपनीत प्रेस मशीनवर असलेला एक कामगार आठवला. एकदा तो अचानक स्टोअरमध्ये स्टुलावर बसून वॉशर निवडताना दिसायला लागला, पाय सुजून भोपळ्याएवढा. मी कितीतरी दिवस समजत होते की त्याला बढती मिळाली. मी त्याचं अभिनंदनही केलं! पुढे कळलं, माणूस कामावर हजर दिसला की कागदावर अपघात होत नाही, आणि गेटवरचा आकडा पुढे सरकतो. त्या महिन्याचे लाडू मी दोन खाल्ले होते.

इथेही तेच. कुणी पडत नव्हतं, कारण कुणी उभंच राहत नव्हतं.

मी मॅडमना गाठलं. "आमच्या जाऊबाई इथे आल्यापासून चालल्याच नाहीत."

"हो ना, किती छान सेटल झाल्यात!"

"डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय."

"फिजिओ आहे ना आपल्याकडे. खुर्चीत बसून बॉल दाबायचा, खूप फन असतं."

"अहो, त्यांनी जन्मभर म्हशी पिळल्यात. हात पक्के आहेत त्यांचे. मोडलाय तो खुबा."

"आणि पडल्या तर?" मॅडमचा आवाज खाली आला. "आमची पाटी बघितलीत ना तुम्ही? तुम्हीच कौतुक केलं होतं."

केलं होतं. मी परत आले.

पण क्वालिटीवाल्या बाईला एक गोष्ट शिकवावी लागत नाही, ती म्हणजे रिजेक्शनचा ढीग कुठे लपवलेला असतो. कस्टमरचं ऑडिट आलं की आम्ही खराब माल जिन्याखाली सरकवायचो आणि पुढे कुंड्या ठेवायचो. मी जिना शोधला. कुंड्या होत्याच. त्यांच्या मागे वॉकर होते, काठ्या होत्या, चार पायांच्या, एक पायाच्या, मुठीला रंगीत दोरा गुंडाळलेल्या. अख्ख्या इमारतीचं चालणं तिथे रचून ठेवलेलं होतं. जाऊबाईंचा वॉकर त्याच्या लाल रबरांवरून ओळखला.

शिफ्ट बदलायची वेळ झाली. जाणाऱ्या चपला घालत होत्या, येणाऱ्या मोबाइल बघत होत्या, आणि आज घंटी मी दाबली नव्हती. मी जाऊबाईंपुढे वॉकर ठेवला.

"धर मला," त्या म्हणाल्या.

"धरलंय."

"इतकं नगं धरू. चोर हाय का मी?"

पहिलं पाऊल टाकायला त्यांनी इतका वेळ घेतला की मला वाटलं, राहिलं आता. मग टाकलं. मग दुसरं. कॉरिडॉरमध्ये पट्टा बांधलेले एक आजोबा होते, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी आधी डोळे मोठे केले आणि मग खड्या आवाजात ओरडले, "शाबास! अहो, माझी काठी सापडली का तिकडे?"

त्या आरोळीने मॅडम धावत आल्या. "आजी! बसा! प्लीज बसा! कुणीतरी खुर्ची आणा!"

जाऊबाई जागच्या जागी थांबल्या. "वरडू नगंस बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "दचकून पडंन की मी."

मॅडमनी तोंडावर हात ठेवला. जाऊबाई खिडकीपर्यंत गेल्या.

संध्याकाळी पुतण्याला बोलावण्यात आलं. हिंजवडीतून तो जसा निघतो तसा निघाला आणि जसा पोहोचतो तसा पोहोचला, म्हणजे सगळ्यांची जेवणं झाल्यावर. मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही चौघं बसलो. मी खास ठेवणीतला आवाज काढला आणि निकाल दिला, "रिजेक्ट. सामान बांधा."

"मी न्हाई येनार," जाऊबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"काय बगतीस? हितं पानी गरम येतं. भिंतीला धरायला दांड्या हायेत. घंटी दाबली की मानूस येतं. तिकडं ती बाई घोरती अन् मी छताकडं बघत बसते. मला हितंच ऱ्हायचंय. फकस्त मला बांधू नगा."

आठवडाभर मी घंटी तपासली, गादी तपासली, पट्ट्याची शिवणसुद्धा तपासली. राहायचं कुणाला आहे, तिला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"पण आई, पडलीस तर?" पुतण्या म्हणाला.

"पडंन. तू चालाया शिकलास तवा पडला न्हाईस व्हय? मी काय तुला खुंट्याला बांधलं हुतं?"

मॅडमनी घसा साफ केला. घरच्यांनी जबाबदारी घेतल्याची सही लागेल, म्हणाल्या. पुतण्याने पेन घेतलं, ठेवलं, माझ्याकडे बघितलं, परत घेतलं. कोट्यवधींची सॉफ्टवेअर एका बटणावर पाठवणारा मुलगा तो. आईच्या चालण्यावर सही करताना त्याला घाम फुटला. शेवटी केली. मॅडमनीही, खरं सांगायचं तर, चेहऱ्यावरून वाटला होता तितका त्रास दिला नाही. संध्याकाळी चालताना एक मावशी बरोबर देईन म्हणाल्या. मग हळूच मला विचारलं, "तुम्ही कधी जाणार आहात?"

हेडमास्तरांच्या मुलाला मी स्वतः फोन केला. तो म्हणाला, "नको हो, बाबा आहेत तसे सेफ आहेत." फोन ठेवताना त्याने माझे आभारही मानले. मास्तर अजून खुर्चीत आहेत आणि तिथून येणाऱ्याजाणाऱ्याला शाबासकी देतात.

मी रोज संध्याकाळी जाऊबाईंना फोन करते. परवा विचारलं, "आज कुठवर?"

"बोलन्यात येळ घालवू नगंस. मावशी दारात हुबी हाय, तिची ड्युटी संपायच्या आत जाऊन यायचंय."

फोन बंद करायचं त्यांना जमत नाही. पलंगावर तसाच टाकून त्या निघाल्या. वॉकर टेकल्याचा आवाज येत होता. ठक, मग बराच वेळ काही नाही, मग ठक. मी टीव्हीचा आवाज बंद केला. ठकठक लांब गेली आणि थांबली. थांबली ती थांबलीच. मी फोन कानाला इतका दाबला की कान दुखायला लागला.

मग दुरून जाऊबाईंचा आवाज आला, "ह्यो गालिचा कुनी हातरलाय हितं? उचला आदी!"

आणि पुन्हा ठक.