आयर्लंडचा पुढारी आणि आमची सर्वसाधारण सभा

ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पुस्तक वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत फार गेले नाही हो. वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचत वाचतच शिकले. ह्यांनी लायब्ररीतून आणलं होतं आयर्लंडच्या एका पुढाऱ्याचं चरित्र.

आपल्या लोकांना आपलं राज्य मिळावं म्हणून हा बाबा इंग्रजांच्या पार्लमेंटात जाऊन बसला. बंदूक नाही, काही नाही. नुसतं बोलायचं, फुटलेला पक्ष सांधायचा.

मी म्हटलं, "तुमच्यासारखाच की!"

हे हसले. चारकोपची आमची बिल्डिंग नवीन बांधून घ्यायची म्हणून हे कित्येक वर्षं चेअरमन. रुसलेल्यांच्या घरी चहा पिऊन सह्या आणायच्या. मलाही आता त्या चहांचा कंटाळा आलाय. रविवारी कमिटीची निवडणूक होती. हे उभे होते, आणि समोर वरच्या मजल्यावरची तरुण पोरं. "काका, बोलणं पुष्कळ झालं, बिल्डर बदला," असं तोंडावर म्हणाली होती.

पुस्तकात त्यांच्या राज्याचा कायदा पास झाला. ह्यांनी टाळी वाजवली. पान उलटलं तर महायुद्ध! कायदा बाजूला, लढाई संपल्यावर बघू. वर हाच पुढारी आपल्या पोरांना सांगतो, इंग्रजांच्या बाजूने लढा, ते शब्द पाळतील.

आमचाही करार झाला होता. बिल्डर म्हणाला, पावसाळा संपू दे. हे सगळ्यांना म्हणाले, त्याला सांभाळून घ्या. किती पावसाळे गेले!

"मगे?" ह्यांनी आपल्या मालवणीत विचारलं.

"मगे काय. तरुण पोरांनी बंदुका उचलल्या, लोक त्यांच्या मागे गेले. हा मेला. त्याच वर्षी निवडणुकीत त्याचा पक्ष पार पुसला गेला."

"सुटलो बिचारो. हरताना बघूक लागला नाय त्याका."

मी म्हटलं, "नाव मागे घ्या हो. दमलात तुम्ही."

"नाय गो. सह्या मी घेतलंय. लोकांसमोर बसाक होया."

रविवारी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. आमच्याकडे चिठ्ठ्या नाहीत, शेजाऱ्यासमोर हात वर करायचा. ही पद्धत ह्यांनीच पाडलेली. ह्यांचं नाव घेतलं. काळ्या चष्म्यातून ह्यांना काही दिसेना.

"किती हात गो?"

ज्यांच्याकडे चहा प्यायलो ते सगळे खाली बघत होते.

"चला," मी म्हटलं, "डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली."

हे लगेच उठले नाहीत. पोरांचं नाव पुकारल्यावर ह्यांनी स्वतःचा हात वर केला, मग माझ्या खांद्याला धरून उठले.