कुरतडलेला पाय

मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, लाँड्रीला लागून, एक लांबट खोली होती. तिथे कृत्रिम पाय तयार व्हायचे. त्या खोलीत सव्वीस वर्षं काम करणाऱ्या कारागिराला शिपायापासून सर्जनपर्यंत सगळे 'पायवाले काका' म्हणत. माणूस दारातून आत आला की काका आधी त्याची चाल बघत, मग तोंड. आणि एकदा तारीख दिली की दिली. "काकांची तारीख म्हणजे दगडावरची रेघ," असं शेजारच्या भांडाराचा भांडारपाल नेहमी म्हणायचा. दोघांचा दुपारचा डबा रोज एकत्र उघडे.

काकांच्या मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. तिथल्या घरमालकाला कुत्रं चालेना, म्हणून तिची चार महिन्यांची पिल्लू कुत्री 'फक्त दोन महिन्यांसाठी' आईबाबांकडे आली. मुलीने तिला काहीतरी गोंडस नाव ठेवलं होतं. काकूंनी आठवड्याभरात ते बदलून 'वाळवी' केलं.

नाव चुकीचं नव्हतं. काकू औषधाच्या दुकानात काउंटरवर बसत, काका रुग्णालयात. नऊ ते साडेपाच घरात वाळवीचंच राज्य. संध्याकाळी कुलूप उघडलं की आज काय गेलं याची पाहणी. पहिल्या आठवड्यात चपला गेल्या, त्याही प्रत्येक जोडातली एकच. मग टीव्हीचा रिमोट, सोफ्याचा कोपरा, काकूंच्या चष्म्याची दांडी, जेवणाच्या टेबलाचा एक पाय.

"टेबलाला नवा पाय बसवा आता," काकू म्हणाल्या. "तुमचाच धंदा आहे."

काकांनी उपाय करून बघितले. टेबलाला मिरचीचं पाणी लावलं, तर वाळवीने ते मिटक्या मारत चाटलं आणि दिवसभर पाणी पीत बसली. जुनी चप्पल खेळायला दिली, तर तिने चप्पल हा आपलाच हक्क आहे असा अर्थ काढला. मांडीवर घेऊन समजावलं, तर ती त्यांच्या शर्टाचं बटण चावत ऐकत राहिली.

त्याच सुमारास काकांकडे एका गणिताच्या बाई आल्या. अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. आठ महिने त्या कुबड्यांवर होत्या. शाळा सुरू व्हायला तीन आठवडे उरले होते.

"मला फळ्यासमोर उभं राहायचंय," बाई म्हणाल्या. "एका हातात खडू, एका हातात पुस्तक. कुबडी कुठल्या हातात धरू? पहिल्या दिवशी मी चालत वर्गात जायला हवी. जमेल?"

"शाळेच्या आदल्या सोमवारी येऊन घेऊन जा," काका म्हणाले. "शाळा मंगळवारी ना? सोमवारी पाय तयार."

तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत पाय जवळजवळ झाला होता. रबराचं पाऊल बसलं होतं, उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी बाईंच्या मापाने घडली होती. आतलं मऊ चामड्याचं अस्तर हाताने शिवायचं राहिलं होतं. पेशंटची वस्तू घरी न्यायची नाही असा नियम होता. काकांनी पाय पिशवीत घातला आणि घरी आणला. रविवारी निवांत बसून शिवू, सोमवारची तारीख चुकायला नको.

रविवारी काकूंना दुकानात जायचं होतं. निघताना त्या दारातून म्हणाल्या, "अहो, उठलात तर तो पाय कपाटात ठेवा. वाळवी आहे."

"हो गं. लहान आहे का मी?"

दुपारी अस्तर शिवून झालं. काकांनी पाय खुर्चीवर ठेवला, आणि तेवढ्यात मुलीचा फोन आला. घरात आवाज नीट येत नव्हता म्हणून ते बाल्कनीत गेले, कडी वाऱ्याने वाजते म्हणून दार ओढून घेतलं. मुलीने विचारलं, "बाबा, त्रास देते का हो ती?" काका म्हणाले, "छे गं! आता शहाणी झालीय." पाऊण तास ते वाळवीच्या शहाणपणाबद्दल बोलत होते.

आत आले तेव्हा रबराची बोटं टेबलाखाली विखुरलेली होती. टाच अर्धी खाल्लेली. सकाळपासून शिवलेल्या अस्तराची एक पट्टी वाळवीच्या तोंडातून लोंबत होती आणि ती शेपूट हलवत होती.

काकांनी हाताला लागली ती चप्पल उचलली. किती वेळा मारलं ते त्यांना नंतर आठवेना. वाळवी आधी खेळ समजून उडी मारत होती, मग किंचाळली, मग सोफ्याखाली गेली. तिला ओढून काढून त्यांनी न्हाणीघरात कोंडलं. काकूंनी संध्याकाळी घराचं दार उघडलं आणि तुकडे बघितले. "कपाट इथून चार पावलांवर होतं," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

सोमवारी निघताना काकांनी वाळवीला पुन्हा न्हाणीघरात घातलं. "एक दिवस कोंडली तर मरत नाही," ते म्हणाले.

भांडारात बाईंच्या मापाची तीन पावलं शिल्लक होती. पण एकाच पेशंटसाठी दुसरं पाऊल मागायचं तर कारण लिहून द्यावं लागे. 'घरी नेला, कुत्र्याने खाल्ला' हे लिहायला काकांचा हात धजेना. दहा वाजता बाई आल्या. नव्या बुटांचा जोड घेतला होता. उजवा बूट पायात, डावा पिशवीत.

"बाई, तुमच्या मापाचं पाऊल भांडारात आलं नाही," काका म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना दुसऱ्याचाच वाटला. "दहा दिवस लागतील."

बाईंनी पिशवीतल्या बुटाकडे बघितलं. "तुमचा तरी काय दोष," त्या म्हणाल्या आणि कुबड्या सावरून निघाल्या.

संध्याकाळी घरी आले तर न्हाणीघराच्या दाराचा खालचा भाग ओरबाडून निघाला होता. फरशीवर रक्ताचे ठिपके. वाळवीचं एक नख तुटून लोंबत होतं, तोंडाला रक्त होतं, आणि काकांना बघून ती बादलीमागे सरकली. ते तसेच तिला टॉवेलात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी नखाला पट्टी बांधली आणि तिचा जबडा उघडून दाखवला. "हे बघा, दुधाचे दात पडतायत. हिरड्या ठणकत असतात, चावलं की बरं वाटतं. आणि आठ-आठ तास एकटी. ती तुमच्यावर सूड नाही उगवत, काका. चावायला तिचं म्हणून काही द्या. ओलं फडकं पिळून बर्फाच्या कप्प्यात ठेवा, ते द्या. सकाळी दमेपर्यंत फिरवा. दुपारी कुणीतरी घरी चक्कर मारा. आणि जे चावायला नको ते तिच्या तोंडापासून वर ठेवा. पाठीवर हे वळ कसले?"

काकांनी टॉवेल तिच्या पाठीवर ओढला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं नाही, पण फडताळाकडे वळताना त्यांचा चेहरा बदलला होता.

त्या आठवड्यात काका पहाटे उठून वाळवीला तासभर फिरवू लागले. दुपारचा डबा खायला घरी जाऊ लागले. भांडारपालासमोर बसायचं टळलं, हेही बरंच झालं. थंडगार फडकं पायांत धरून वाळवी ते तासन्‌तास चघळायची. टेबल वाचलं. पण काकांनी कुठलीही वस्तू जरा पटकन उचलली की ती जमिनीला चिकटून बसायची.

शुक्रवारी कळलं, बाई पडल्या. शाळेच्या ओल्या व्हरांड्यात कुबडी सटकली आणि उजवं मनगट मोडलं. खडू धरायचा हात. त्यांच्या भावाने रुग्णालयात येऊन तक्रार केली: माल वेळेवर आणला असता तर ही वेळ आली नसती. अधीक्षकांनी भांडारपालाला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, त्या मापाची तीन पावलं माझ्याकडे होती. आजही आहेत." मग काकांना बोलावलं.

"होती का?" अधीक्षकांनी विचारलं.

भांडारपाल निश्चिंतपणे काकांकडे बघत होता. काका खरं सांगणार याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती.

"मी मागितलं तेव्हा… मला मिळालं नाही," काका म्हणाले.

भांडारपालाला लेखी ताकीद मिळाली. बाहेर येऊन त्याने एवढंच विचारलं, "तुम्ही मागितलं कधी, काका?" काका म्हणाले, "जाऊ दे ना आता." त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

नवा माल आला तसं काकांनी दुरुस्तीच्या नावाखाली एक पाऊल घेतलं आणि दोन दिवसांत पाय पुरा केला. बाई आल्या, हात गळ्यात बांधलेला. काकांनी गुडघ्यावर बसून पट्टा आवळला. बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि रडायला लागल्या. खोलीत चार-पाच पेशंट बसले होते. बाई त्यांना म्हणाल्या, "यांच्यामुळे झालं हो हे. देवमाणूस आहे. नाहीतर तो भांडारातला!"

काकांनी हातातला पाना खाली ठेवला.

"बाई, बसा," ते म्हणाले. "भांडारात पाऊल होतं. तुमचा पाय रविवारीच तयार झाला होता. मी तो नियम मोडून घरी नेला, खुर्चीवर टाकला आणि फोनवर बोलत बसलो. कुत्रीने खाल्ला. मी तुमच्याशी खोटं बोललो. साहेबांशीही."

बाईंचे डोळे कोरडे झाले. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी खरं सांगितलं असतंत तर मी रागावले असते. पण शाळेकडे आठवड्याची रजा मागितली असती. पाऊल आलं नाही म्हणालात, तेव्हा वाटलं दहाचे वीस दिवस होतील, कशाला थांबायचं? म्हणून कुबड्यांवरच गेले." आणि त्या आपला पाय घेऊन, नव्हे, आपल्या पायाने, हळूहळू निघून गेल्या. दारापर्यंत त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

काका तसेच अधीक्षकांकडे गेले आणि लिहून दिलं. भांडारपालाची ताकीद रद्द झाली, काकांना मिळाली. दोन महिने त्यांच्याकडून स्वतंत्र काम काढून घेतलं. वाट्या घासणं आणि पट्टे कापणं एवढंच उरलं. त्यांनी ते मुकाट्याने केलं. भांडारपालाकडे जाऊन माफी मागितली, तेव्हा तो याद्या तपासत होता. "कुत्र्याने खाल्ला हे मला सांगितलं असतं ना," तो मान वर न करता म्हणाला, "तर मी पोट धरून हसलो असतो आणि दुसरं काढून दिलं असतं. काहीतरी मार्ग काढलाच असता आपण."

हे वाक्य काकांना ताकिदीपेक्षा जास्त लागलं.

मुलीचे दोन महिने संपले. तिला कुत्रं चालणारं घर मिळालं आणि ती वाळवीला न्यायला आली. वाळवीचे नवे दात आले होते, पांढरेशुभ्र. काकांनी मुलीला सगळं सांगितलं, चपलेसकट. तिने वाळवीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही?"

काकू मध्ये पडल्या नाहीत. निघायच्या वेळी काका वाळवीसमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी हात पुढे केला, अगदी सावकाश. वाळवीने आधी मुलीकडे बघितलं. मग जवळ येऊन तो हात हुंगला आणि दातांत हलकेच धरला.